ताजा फोन, शिळं अँड्रॉइड

नवा मोबाइल घेताना खोक्यावरचं प्लॅस्टिक काढण्याचा मान गिऱ्हाइकाचा. आपण नखाने त्याचं टोक शोधतो, ते सापडत नाही आणि शेवटी दुकानदारच कटर फिरवतो. सगळं कोरं करकरीत. तेवढ्यात सोबत आलेला भाचा सेटिंगमध्ये शिरून ‘अबाउट फोन’ उघडतो आणि जाहीर करतो, ‘मामा, यात मागचंच अँड्रॉइड आहे!’

भाच्यांना दुसरा उद्योग नसतो, पण बोलणं खोटंही नसतं. अँड्रॉइड १४ ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. जानेवारी २०२४ मध्ये भारतात वाजतगाजत दाखल झालेल्या रेडमी नोट १३ च्या पोटात मात्र अँड्रॉइड १३ च होतं. नावात तेरा, पोटातही तेरा. निदान मेळ तरी बसला.

गूगलने मूळ अँड्रॉइड हातावेगळं केलं की बाकीच्यांची कामं सुरू होतात. क्वालकॉम, मीडियाटेक हे चिपवाले ते आपापल्या चिपवर चालतं करतात. मग फोनची कंपनी वर आपला साज चढवते: रंग, चिन्हं, कॅमेरा आणि कुणीही न मागितलेली चार ॲप्स. त्यानंतर गूगलच्या चाचण्या, काही देशांत मोबाइल सेवा कंपन्यांच्या आणखी वेगळ्या. आपल्याकडे लग्नपत्रिकेचा मसुदा असाच फिरतो. थोरल्या काकांपासून आत्यापर्यंत सगळ्यांच्या माना डोलल्या की तो छापखान्यात जातो, आणि पत्रिका छापून आल्यावर लक्षात येतं की धाकट्या मामांचं नाव राहिलं. पत्रिका कुणी पुन्हा छापत नाही. मामांना फोन करून समजूत घालतात. फोनची कंपनीही कारखान्यात भरलेलं सॉफ्टवेअर तसंच राहू देते, खोकी गोदामात रवाना करते आणि समजूत घालायला नंतर अपडेट पाठवते.

ही रांग तोडायचा प्रयत्न गूगलने केला. २०१७ च्या ओरिओपासून ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने चिपवाल्यांचा भाग मूळ अँड्रॉइडपासून वेगळा काढला. फरक पडला, पण कंपनीचा साज आणि चाचण्या होत्या तिथेच राहिल्या. (तेव्हा आवृत्त्यांना गोडाधोडाची नावं असत. २०१९ मध्ये, दहाव्या आवृत्तीपासून, पथ्य सुरू झालं.) ॲपलचा फोनही घरचा आणि सॉफ्टवेअरही घरचं, तरी खोक्यातला आयफोन मागे पडतोच, म्हणून त्यांनी आपल्या दुकानांसाठी खोकं न फोडता आतल्या फोनचं सॉफ्टवेअर ताजं करणारं यंत्र काढलं. श्रीमंतांचे लाड!

इथवर कुणाची लबाडी नाही. मला खटकतो तो पुढचा हिशेब. स्वस्तातल्या फोनबरोबर कंपनी ‘दोन मोठी अपडेट’ देण्याचं वचन देते. फोनच मागच्या आवृत्तीवर विकला, तर त्यातलं पहिलं अपडेट आजच्या तारखेला येऊन पोचण्यातच खर्ची पडतं. वर गिऱ्हाईक खूश, ‘बघा, सहा महिन्यांत नवं अँड्रॉइड आलं!’ पिक्सेल ८ किंवा गॅलक्सी एस २४ घेणाऱ्याला सात वर्षांचं वचन मिळतं. त्याला एखादं अपडेट इकडेतिकडे झाल्याने काय होणार? आम्हाला दुकानदार ‘दोन अपडेट’ म्हणाला, की मी मनातल्या मनात एकच धरतो आणि किमतीत घासाघीस सुरू करतो.