सात किलोंचा संन्यास

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे. बाहेरगावच्या माणसाला तिथे सफरचंदांचा लिलाव चालत असावा असं वाटतं, पण ते हवामान खात्याचं कार्यालय. १९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला हललं आणि येताना नाव घेऊन आलं. म्हणजे ज्यांना हवामानातलं कळतं ते शिमला सोडून पुण्यात आले आणि ज्यांना कळत नाही असे आम्ही दर मे महिन्यात पुणं सोडून शिमल्याला जातो. पुढे १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र पुणेकरांनी ठेवून घेतलं. पुणेकर सहसा काही सोडत नाही. याचा खरा प्रत्यय बॅग भरताना येतो.

यंदा मात्र मी सोडायचं ठरवलं. एका दाढीवाल्या तरुणाचा व्हिडिओ पाहिला होता. दहा दिवस, एक सॅक, सात किलो. विमानात हातात न्यायला परवानगी तेवढीच, म्हणजे सरकत्या पट्ट्यापाशी ताटकळणं नाही. शिमला-मनालीच्या आठ दिवसांसाठी मी घरात फर्मान काढलं, ‘या वेळी प्रत्येकी एक सॅक.’ ही ‘बरं’ म्हणाली. आई काहीच बोलली नाही, पण तिची नजर माळ्याकडे गेली.

मी थरांचं शास्त्र समजावून सांगितलं. आतला थर घाम टिपणारा, मधला ऊब धरणारा, बाहेरचा वारा-पाऊस अडवणारा. गरम झालं की एकेक काढायचा, कांद्यासारखा.

‘कांदा सोलताना डोळ्यांत पाणी येतं,’ आई म्हणाली.

शास्त्राची टिंगल करणारे घरोघरी असतात. मी टी-शर्टच्या अळूवड्या वळायला घेतल्या. घडी घालण्यापेक्षा गुंडाळल्याने जागा वाचते म्हणे. तीन टी-शर्ट, एक जादा पॅंट. व्हिडिओतल्या तरुणाने टूथब्रशचा दांडा अर्धा कापला होता, मीही कापला. किती ग्रॅम वाचले ते हुकाच्या काट्यावर दिसेना, पण मनावरचं ओझं हलकं झालं. हिचं केस वाळवायचं यंत्र मी ‘अनावश्यक वस्तू क्रमांक एक’ जाहीर केलं. शेवटी माझा विंडचीटर हातात घेतला, तोलला आणि बाजूला ठेवला. फोनमध्ये आठही दिवस पिवळाधमक सूर्य दिसत होता. सॅक सहा किलो आठशे ग्रॅम भरली. त्यात चार्जर, वायरी आणि पॉवर बँकाच दीड किलोच्या होत्या, पण तो थर व्हिडिओतही मोजला नव्हता.

आता फोनमधल्या सूर्याविषयी. हिमाचलात मे महिन्यात काय होईल हे ठरवणारी जी मंडळी असतात, त्यांतले एक म्हणजे पश्चिमी विक्षोभ. हे गृहस्थ थेट भूमध्य समुद्राकडून निघतात, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयावर येऊन आदळतात. खरा मुक्काम थंडीत, पण उन्हाळ्यातही एखादी चक्कर असते. एवढा लांबचा प्रवास करूनही ते हलकं सामान घेऊन येत नाहीत. पाऊस, गारा, बर्फ, सगळं बरोबर. त्यामुळे एकाच आठवड्यात गेलेल्या दोन कुटुंबांपैकी एक ‘स्वेटर उलगडलासुद्धा नाही’ म्हणून सांगतं आणि दुसरं ‘गारठून मेलो’ म्हणून. दोघंही खरं बोलतात. पंचाईत होते ती दोघांचंही ऐकून बॅग भरणाऱ्याची. आमच्याकडे अशी माणसं दोन होती. त्यांनी ‘एक सॅक’ या फर्मानाचा अर्थ ‘मोठ्या बॅगेखेरीज एक सॅक’ असा लावला.

चंदीगडला उतरलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. सबंध प्रवासात मी सर्वांत सुखी होतो ते त्या चाळीस मिनिटांत. त्या दोघी पट्ट्यापाशी उभ्या आणि मी बाहेर टॅक्सीच्या सावलीत, सात किलोंचा संन्यासी, उसाचा रस पीत.

शिमल्याच्या रिजवर दुपारी चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि ताडताड गारा सुरू झाल्या. माझा आतला थर भिजला. तोच मधलाही होता. बाहेरचा पुण्यात, पलंगावर. हिने बॅगेची चेन ओढली, छत्री काढली आणि मागोमाग विंडचीटर काढला. माझाच.

‘हा इथे कसा?’

‘तुम्ही बाजूला ठेवलात, मी उचलला.’

मग बॅगेतून एकेक माझं निघत गेलं. मी बाद केलेला स्वेटर, दोन बनियन, लोकरीचे मोजे, चपला. माझ्या सॅकचा हलकेपणा, म्हणजे निदान चार किलो, चंदीगडपासून ही वाहत होती.

हे शिमल्यातच कळावं याला औचित्य होतं. १८६४ पासून इंग्रजांचं सरकार दर उन्हाळ्यात कलकत्त्याहून इथे यायचं. लाटसाहेब बहुधा छडी फिरवत आले असतील. त्या काळी व्हिडिओ असते तर त्यांनीही ‘एक छडी, सहा महिने’ असा काढला असता. फायलींच्या पेट्या आणि खुर्च्या-टेबलं डोंगर चढली ती बैलांच्या आणि पहाडी हमालांच्या जिवावर. काल्क्याहून ९६ किलोमीटरची ती चिमुकली रेल्वे आली १९०३ साली. तोवर चाळीस उन्हाळे साहेब हलकेच होते.

मनालीला दोन दिवस झडीचा पाऊस लागला. ‘रात्री धुवा, सकाळी घाला’ या जातीचे माझे तिन्ही टी-शर्ट हॉटेलच्या पडद्याच्या दांडीवर ओले लटकत होते आणि त्यांना कुबट वास यायला लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दबक्या आवाजात हिला विचारलं, ‘ते केस वाळवायचं यंत्र आणलंयस का?’

‘अनावश्यक वस्तू क्रमांक एक ना?’ ती म्हणाली, आणि काढून दिलं. पुढची पंचवीस मिनिटं मी एका टी-शर्टच्या बगला वाळवल्या.

रोहतांगच्या दिवशी मात्र न्याय झाला. खिंड ३,९७८ मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे मनालीहून अर्ध्या दिवसात बारा अंशांची घसरगुंडी. वाटेत बर्फाचे कपडे भाड्याने देणारी दुकानं लागतात, प्रत्येकाला नंबर. ड्रायव्हर ठरलेल्या नंबरासमोर गाडी उभी करतो आणि त्याचं चहापाणी होईपर्यंत हलवत नाही. पंधरा किलो घेऊन आलेला असो की सात, सगळ्यांना तोच फुगीर झगा, काल कुणीतरी घातलेला, आज किंचित ओला. आईने तो पाचवारीवर चढवला आणि गमबूट घालून अशी चालली की चांद्रमोहिमेला तिचीच निवड झाली असावी. थर, शास्त्र, अळूवड्या, सगळं त्या झग्याखाली गेलं. वर वारा असा की बोटं कळेनात. आईने झग्यात हात घालून लोकरीच्या हातमोज्यांची जोडी काढली. ‘दोन जोड्या आणल्यात. तू आणणार नाहीस, माहीत होतं.’ चौथीत असताना मी शाळेत रेनकोट नेला नव्हता, त्याचाही उल्लेख ३,९७८ मीटरवर झाला.

परतीला हिची बॅग सोळा किलो भरली, परवानगी पंधराची. काउंटरवरची मुलगी म्हणाली, एक किलो दुसऱ्या बॅगेत टाका. ‘यांची रिकामीच आहे,’ असं म्हणून हिने जर्दाळूच्या जॅमच्या दोन बाटल्या माझ्या सॅकमध्ये कोंबल्या. सुरक्षा तपासणीत त्या काढून घेतल्या गेल्या. जॅम द्रव पदार्थांत मोडतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि हे अज्ञानही माझ्याच खात्यावर जमा झालं.

घरी आल्यावर मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, ‘आठ दिवस, एक सॅक!’ रिजवर मी उभा आहे. अंगात विंडचीटर, गळ्यात आईची शाल, डोक्यावर हिची कानटोपी, हातात छत्री. बत्तीस अंगठे आले, दोघांनी व्हिडिओची लिंक मागितली. फोटोच्या डाव्या कडेला कुणाचंतरी कोपर आणि बॅगेचा ताणलेला पट्टा आला आहे. तेवढं कापायचं राहून गेलं.