या झोळीचे प्रायोजक आहेत...

रात्री नऊच्या चर्चेत सहा जण एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात. मध्येच निवेदकाचा आवाज एकदम खाली येतो. मागे व्हायोलिन सुरू होतं. पडद्यावर पुराच्या चिखलात रुतलेली लहान मुलाची चप्पल, तीही संथ गतीत, आणि उजव्या कोपऱ्यात क्यूआर कोड. “आज आपण पुढे आलो नाही, तर कोण येणार?” असं विचारून निवेदक आपल्याकडे टक लावून बघतो. उत्तराला थांबायला त्याला सवड नसते, कारण ब्रेक आलेला असतो. ब्रेकमध्ये खाडीकाठचे तीन कोटींचे फ्लॅट, मग कुणीतरी सुपरस्टार दोन बोटांत धरून मिरवत असलेली ती सुप्रसिद्ध ‘वेलची’. ब्रेक संपतो, तेव्हा निवेदकाचे डोळे जिथे भरून आले होते तिथेच भरलेले असतात.

आता असा हात पसरणारी वाहिनी गरीब असेल, असं एखाद्या भाबड्याला वाटेल. केबलच्या नियमात तासाला बारा मिनिटं जाहिरातींना मुभा आहे. त्यातली दहा दुसऱ्यांच्या मालासाठी आणि दोन स्वतःची टिमकी वाजवायला. (टिमकीसाठी वेळ कायद्याने राखून ठेवणारा दुसरा धंदा आम्हाला माहीत नाही.) ही मर्यादा खरोखर पाळा, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१३ साली बजावलं, तेव्हा बारा मिनिटांत आमचं भागत नाही म्हणून वाहिन्या कोर्टात गेल्या. इकडे प्रेक्षकाने २०१९ पासून नुसत्या फुकट वाहिन्या घरात येण्यासाठी केबलवाल्याला १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे मोजले. पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचं भाडं निराळं. एवढं सगळं वसूल झाल्यावर मग क्यूआर कोड.

पडद्यावरून मदत मागण्याची ही प्रथा आपल्याकडे थाटामाटात रुळवली ती एनडीटीव्हीने. हवामान बिघडलं म्हणून ‘ग्रीनेथॉन’ झाली, तिची प्रायोजक टोयोटा. शाळांना पाणी आणि स्वच्छतागृहं हवीत म्हणून २०११ साली मोहीम निघाली, सोबतीला कोका-कोला. स्वच्छतेला अर्थात डेटॉल. खेड्यांत सौरकंदील पोहोचले, शाळांत नळ आले, हे कबूल. चांगल्या कामाला नावं ठेवायची नाहीत. पण वातावरण वाचवायला मोटारवाल्याने पुढाकार घ्यावा, यात जो निरागसपणा आहे त्याला तोड नाही.

त्यातली आमची सर्वांत लाडकी मोहीम २०१० ची. ‘फक्त १४११ वाघ उरले’ ही एअरसेल या मोबाइल कंपनीची जाहिरात तेव्हा घरोघरी पाठ होती. अमिताभ बच्चन, बारा तासांचं थेट प्रक्षेपण, देणग्यांचे फोन. पुढे काय झालं? २०२२ च्या गणनेत देशातल्या वाघांचा अंदाज ३६८२ वर गेला, एकट्या महाराष्ट्रात ४४४. आणि एअरसेल? तिने २०१८ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे ग्राहक नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्यासाठी सैरावैरा पळत होते आणि ताडोबातले वाघ पर्यटकांच्या जिप्सीसमोर आरामात आडवे पडले होते. ‘फक्त इतकेच उरले’ असं त्या वेळी कुणाबद्दल सांगायला हवं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची कला आपल्याला नवी नाही. मात्र इथे तुळशीपत्रावरसुद्धा कुणाचा तरी लोगो छापलेला असतो. गल्लीतल्या गणेश मंडळाची पोरंही वर्गणी मागतातच, कमानीवर बिल्डरचा फोटोही लावतात. पण ती हातात पावती ठेवतात, धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढतात (निदान काढायला हवी हे त्यांना ठाऊक असतं) आणि रात्रभर जागून मांडव स्वतः घालतात. वाहिनी काय घालते, असं विचारलं तर उत्तर येतं: एअरटाइम. म्हणजे जो ती एरवी दहा सेकंदांच्या भावाने विकते आणि मदतीच्या कार्यक्रमातही प्रायोजकाला विकून मोकळी होते, तोच.

सरळ स्वतःसाठी मागणाऱ्याचं आम्हाला वावडं नाही. रशियातल्या ‘दोझ्द’ वाहिनीला २०१४ साली केबलवाल्यांनी एकामागोमाग एक काढून टाकलं, तेव्हा तिने पडद्यावर येऊन प्रेक्षकांना सांगितलं की बुडत आहोत, पैसे द्या. ना व्हायोलिन, ना वाघ. आपल्याकडेही नोकरी सोडून यूट्यूबवर आलेले पत्रकार वर्गणी मागतात. त्यांची मतं पटोत न पटोत, पैसा कशाला हवा हे ते सांगतात.

शेवटी येतो तो चेक. दारापेक्षा मोठा, थर्माकोलचा, एका बाजूने मंत्री धरणार, दुसऱ्या बाजूने संपादक. मुख्यमंत्री सहायता निधीत कुणालाही घरबसल्या थेट पैसे भरता येतात आणि जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरात सवलतही मिळते, हे निवेदक सहसा सांगत नाही. तसं केलं तर थर्माकोलवाल्याच्या पोटावर पाय येईल. चेकवर वाहिनीचं नाव ठळक असतं, प्रायोजकाचं त्याहून ठळक, आणि रक्कम तुमची-आमची. आमची एकच सूचना आहे. पुढच्या वेळी चेक दोन्ही बाजूंनी छापावा. मंत्र्यांच्या पोटाला टेकते ती बाजू मोकळीच जाते. देणाऱ्यांची नावं तिथे मावतील.