एकोणतीस अक्षरी विद्या

इंग्रजी उत्तम असेल तरच स्क्रॅबल जमतो, हा गैरसमज साधकाने पहिल्याच दिवशी सोडावा. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी नुसता शब्दकोश पाठ केला होता. घोकंपट्टीला नावे ठेवणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांनी यावर काय ते बोलावे.

तर घोकंपट्टी. श्रीगणेशा 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन'ने करावा. अक्षरे २९. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. यासाठी लॅटिनमधले 'क्षुल्लक' अशा अर्थाचे चार शब्द एकापुढे एक जोडले आहेत. आपल्याकडे हेच काम 'हॅ!' एवढ्यात भागते, पण 'हॅ'ला गुण मिळत नाहीत. या शब्दाला 'आय' लागतात नऊ आणि पिशवीत 'आय'च्या टाइल बरोबर नऊच असतात. 'सी' लागतात चार. त्या दोनच असल्या तरी कोऱ्या टाइलही दोन आहेत. पत्रिका जुळल्यावर छत्तीस गुणांचा आनंद व्हावा तसे होते. अडचण किरकोळ आहे. पट एका ओळीत १५ घरांचा, त्यामुळे शब्द मधोमध मांडला तरी दोन्हीकडे सात-सात अक्षरे सतरंजीवर येतात. शिवाय हातात एका वेळी सातच टाइल असतात. साधकाने धीर सोडू नये.

फुप्फुसाच्या रोगाचा तो सुप्रसिद्ध ४५ अक्षरी शब्द मात्र सोडून द्यावा. 'न्यूमोनोअल्ट्रा…' असा तो सुरू होतो आणि ज्वालामुखीची सूक्ष्म धूळ छातीत जाईपर्यंत थांबत नाही. तो १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षांनी, इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द व्हावा म्हणून बनवला. रोगी मिळण्याआधी नाव तयार! त्यात 'सी' सहा आहेत. कोऱ्या टाइल धरूनही दोन कमी पडतात.

यात दोष स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांचा. हे न्यूयॉर्कचे वास्तुशिल्पी महामंदीत बेकार झाले आणि वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजत बसले. कोणते अक्षर किती वेळा येते, त्यावरून टाइलची संख्या आणि गुण ठरले. 'एस' मात्र चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचनावर पोट भरता.

प्रतिपक्ष यादरम्यान क्षुद्र शब्द लावत राहील. 'क्यू' आणि 'आय' एवढ्यावर तो अकरा गुण नेतो. उच्चार 'ची', चिनी कल्पनेतली प्राणशक्ती. 'झेड-ए' म्हणजे पिझ्झा, तोही पुरता न उच्चारलेला. 'ए-ए' हा हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा. 'सी-डब्ल्यू-एम' ही वेल्समधली डोंगरातली खोलगट दरी, तिथे तर नेहमीचा एकही स्वर नाही. अशा वेळी खचून न जाता स्वयंपाकघरात डोकवावे. डाळ, रोटी, तूप ही हिंदी नावांनी इंग्रजी शब्दकोशात केव्हाच शिरली आहेत. 'पूजा'ही चालते, तेरा गुण आहेत, कारण 'जे' एकटा आठाचा. धोतर हिंदी वळणाने नेसल्यास नऊ.

गेल्या दिवाळीत मी 'आय' साठवत बसलो होतो. पाच जमले होते. भाचीने तेवढ्यात तिप्पट गुणांच्या घरावर 'क्यू-आय' ठेवला. अर्थ विचारला, तर म्हणाली, "मामा, अर्थ कशाला लागतो?" आणि गुणांच्या कागदावर रेघ ओढली.

हार निश्चित झाल्यावर साधकाने उठावे, शर्ट झटकावा आणि या खेळाचे शांतपणे फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन करावे. एकोणतीस अक्षरे लागतात ती इथेच. मी घाईत नुसते 'हॅ!' म्हणालो.