बिजागरीचा भाव

भिंतीतलं कपाट जुनं झालं, असं कुणी म्हणत नाही. जुनी होतात ती त्याची दारं. आतली फळी साड्यांच्या ढिगाखाली वाकली तरी ते तिचं आणि साड्यांचं खासगी प्रकरण असतं. पण दाराच्या कोपऱ्यावरचा सनमायका नखभर उचलला गेला, की अख्ख्या खोलीची अब्रू जाते. मग 'नुसती दारं बदलून घेऊ' असं ठरतं. यातला 'नुसती' हा शब्द मिस्त्री मनातल्या मनात खोडून टाकतो.

मिस्त्री फुटावर बोलतो. भारीतला सनमायका सुचवत म्हणतो, 'काका, फुटाला शंभरचा तर फरक आहे!' शंभर रुपये म्हणजे हल्ली काय, असं म्हणून आपण मान डोलावतो. पण सात फूट उंच आणि सहा फूट रुंद कपाटाचे फूट होतात ४२. म्हणजे एकदा मान डोलावण्याचे ४,२०० रुपये. बरं, प्लायवूड ४२ फूट विकत मिळत नाही. ते आठ बाय चारच्या अख्ख्या शीटमध्ये येतं. दीड फुटी चार दारांसाठी दोन शीट लागतात, म्हणजे ६४ फूट. उरलेले २२ फूट तुकड्यांच्या रूपानं गॅलरीत उभे राहतात. 'यात चपलांचा रॅक होईल की,' असं मिस्त्री सहज म्हणतो, आणि दारांच्या अंदाजपत्रकात चपला शिरतात.

पुढचा मुक्काम सनमायकाचं दुकान. तिथल्या जाडजूड कॅटलॉगात ओक असतो, वॉलनट असतो, ॲश असतो. ज्या झाडांची सावली आपल्या सात पिढ्यांच्या अंगावर पडली नाही, त्यांतलं आपल्या बेडरूमला कुठलं शोभेल यावर तासभर चर्चा होते. वास्तविक सनमायका म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेले कागदाचे थर आणि त्यावर लाकडाच्या रेषांची छपाई. आत यमुनानगरकडच्या पॉपलरचं किंवा निलगिरीचं खरं लाकूड असतं, त्यावर आपण वॉलनटचा फोटो चिकटवतो. खऱ्या लाकडानं तोंड लपवायचं आणि फोटोनं मिरवायचं, ही रीत लग्नाच्या बाजारापुरतीच आहे असं मला उगाच वाटत होतं.

दाराच्या आतल्या बाजूलाही पातळ सनमायका लावावा लागतो. 'आतून कोण बघतंय?' म्हणून तो वाचवायला जावं, तर एकाच अंगानं नटवलेलं दार पुढे बाक धरतं. आरसा लावायची हौस असेल तर त्याचंही वजन मोजावं: सात फुटी दारावर चार मिलिमीटरचा अखंड आरसा म्हणजे जवळपास दहा किलो. तो पेलायचा कुणी? बिजागरीनं.

आणि इथेच आपला हात आखडतो. उंच दाराला चार, म्हणजे चार दारांना सोळा बिजागऱ्या. बऱ्यापैकी बिजागरी शंभरनं महाग धरली तरी जास्तीचे १,६०० होतात. फोटोपायी ४,२०० निमूट सोडणारा माणूस इथे घासाघीस करतो. दिवसातून दहा वेळा उघडणारं दार वर्षाला ३,६५० वेळा तिच्याच जिवावर फिरतं. पण आल्यागेल्याला 'या, आमच्या बिजागऱ्या बघा,' असं म्हणता येत नाही ना!

म्हणून माझं मत असं, की दारांचा खर्च काढण्याआधी दारं उघडून पाहावीत. प्लाय पाण्यानं फुगलाय, वाळवीनं पोखरलाय, तर वाद संपला. नवी दारं करा. स्क्रू धरत नसेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकूनही काम भागतं. दार नुसतं तिरकं झालं असेल, तर हल्लीच्या बिजागरीवर ते सरळ करायचे स्क्रू असतातच. पेचकस लागतो आणि थोडी मान वाकवावी लागते. बिजागरीच थकली असेल तर बिजागरी बदलावी. निम्मी दारं एवढ्यावर सुधारतात.

अडचण एकच. सोळा बिजागऱ्यांसाठी मिस्त्री येत नाही. 'एवढ्याशा कामाला कुठे यायचं, काका?' हा त्याचा प्रश्न रास्त आहे. तो ४२ फुटांसाठी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हजर असतो. कितीतरी घरांतली दारं जुनी झाली म्हणून बदललेली नसून, दुरुस्तीला कुणी येईना म्हणून बदललेली आहेत, असा माझा दाट संशय आहे.

आम्ही जिन्यातल्या चार बिऱ्हाडांनी मिळून बिजागऱ्यांची एकत्र यादी केली, तेव्हा कुठे मिस्त्री आला. काम चोख केलं. दारं लोण्यासारखी फिरू लागली. पैसे खिशात घालता घालता त्यानं कपाटावर एक नजर टाकली आणि म्हणाला, 'काका, सनमायका मात्र जुना झालाय हां. फुटाला शंभरचा तर फरक आहे!'