तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. रेवदंड्याला होडी घेतली तेव्हा हे गणित पाठ केलं आणि पुढची सोळा वर्षं आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रविवारच्या भरत्या मांडल्या.

होडी निव्वळ हौसेची. मासे धरायचे नाहीत तर हा गृहस्थ पाण्यात जातो कशाला, हे कोळीवाड्याला पडलेलं कोडं. कुंडलिकेची खाडी ओलांडायची, कोर्लईच्या किल्ल्याखाली डबा खायचा आणि परतायचं, एवढाच आमचा पराक्रम. १ जूनला मासेमारी बंद व्हायची, त्याच सुमाराला माझी होडीही वर यायची. ओढायला आठ माणसं, त्यांना चहा-भजी, मग झापांनी शाकारणी. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात. मी दिवाळीआधी इंजिनाच्या मेकॅनिकला पैसे द्यायचो. नारळ स्वस्त पडतो.

होडी सोडायची कधी? लोक गुडघे मोजतात, पैसे मोजतात. मीही मोजले. गुडघे दोन, दोन्ही कुरकुरणारे. वर्षाचा खर्च फेऱ्यांनी भागला; फेऱ्या निघाल्या तीन. आलेला आकडा बायकोला दाखवला नाही. पण हिशेबाला घाबरणारी हौस ती कसली?

निकाल लागला तो रथसप्तमीला. कॅलेंडर पाहिलं. उद्या रविवार, अष्टमी. भरती सहाला आणि तीही भांगाची, पाणी जेमतेम. मनात आलं, बरं झालं! आणि मीच चपापलो. पूर्वी अशा दिवशी मी अंधारातच बंदरावर हजर असायचो. पुढच्या रविवारी पौर्णिमा, भरती सव्वाअकराला, पाणी उधाणाचं. म्हटलं, ऊन फार होईल. त्याच्या पुढच्या रविवारी काय सांगायचं, याचा विचार करताना लक्षात आलं, पाऊणपट करून मी आता भरती नाही, सबब शोधतोय.

"अहो, मग देऊन टाका ना," बायको म्हणाली. हे वाक्य तिने किती वर्षं जपून ठेवलं होतं, कोण जाणे.

कोळीवाड्यातल्या एका पोराला होडी दिली. भाव त्यानेच ठरवला, मी फक्त नाराज दिसण्याचं काम केलं.

चैत्रात एकादशीला त्याचा फोन आला. "काका, सव्वाआठला या." गेलो. जन्मात पहिल्यांदा पाहुणा म्हणून नाळेजवळ बसलो. अर्ध्या खाडीत सवयीने हात खाली गेला, पाणी उपसायचा डबा शोधायला.

"काका, तुम्ही बसा हो."

बसलो. समोर कोर्लईचा तट डोंगराच्या पाठीवरून थेट समुद्रात उतरत होता. सोळा वर्षांत तो असा सबंध कधी पाहिलाच नव्हता.

तळाला पाणी साचत होतं. पण ते आता माझं नव्हतं.