गुडघ्यांचा लिलाव

— मावशी, तुमच्या कुंडीतला पुदिना घेऊ का थोडा?

— घे की. पण एक सांग, माझे गुडघे दुखतात हे तू कुणाला बोललीस?

— मी? अहो, मलाच आत्ता कळतंय!

— मग फोनला कसं कळलं? परवा झोप येईना म्हणून एकदाच शोधलं. आता उकडीच्या मोदकांची कृती उघडली तरी मोदकांखाली गुडघ्यांचं तेल!

— ती कुकी हो. १९९४पासून आहे ती. त्या गुडघेदुखीच्या पानावर जाहिरातवाल्याचा एक तुकडा असतो, तो तुमच्या फोनमध्ये खुणेची चिठ्ठी ठेवतो. मोदकांच्या पानावरही त्याचाच तुकडा. चिठ्ठी बघितली की ओळखतो, आल्या गुडघेवाल्या! पान उघडेपर्यंत जाहिरातीच्या जागेचा लिलावसुद्धा होतो.

— माझ्या गुडघ्यांचा लिलाव, आणि मला एक डॉलर नाही?

— कृती फुकट मिळाली ना. ती लिहिणाऱ्या बाईला जाहिरातीचेच पैसे मिळतात.

— मिळू देत बिचारीला. दिवाळी अंक काय जाहिरातींशिवाय निघायचे? पण अंक मी वाचायचे, अंक मला वाचत नव्हता. मोदकांखाली तूप दाखव ना, गुडघ्यांच्या चौकशा कशाला? आणि मी तर २०१४लाच सिंगापूरच्या डू नॉट कॉल यादीत नंबर घातलाय.

— ते फोन आणि मेसेजपुरतं. पानावरच्या जाहिरातींना नाही लागू.

— गूगल असल्या कुकी बंद करणार होतं ना?

— २०२०मध्ये म्हणाले, दोन वर्षांत करतो. मग लग्नाच्या तारखेसारखं पुढे ढकलत राहिले आणि २०२४च्या जुलैत बेतच फिरवला.

— छान! तरी म्हणा, २०१८ला सिंगहेल्थच्या दवाखान्यांमधून पंधरा लाख रुग्णांची माहिती गेली, त्यात ली सियन लूंग यांच्या औषधांचीसुद्धा. तेव्हाचे पंतप्रधान, आपल्या आंग मो किओचे खासदार! तिथे माझे गुडघे कोण?

— ती चोरी होती, मावशी. इथे 'मान्य आहे' तुम्हीच दाबलंत.

— दाबलं खरं. चष्मा आत होता, आणि ती पाटी मोदकांवरच पसरलेली. हळू बोल, कोपऱ्यातल्या घरी सासूबाई आल्यात पुण्याहून.

— तुम्हाला कुणी सांगितलं?

— काल कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झाल्या. दात नाहीत त्यांना, भात मऊ लागतो.

— मावशी, तुम्ही गूगलच्या वरताण आहात!

— असू दे. एवढा पुदिना कशाला गं? कोण येतंय तुझ्याकडे?