काकडीचे पहिलवान
सगळं पौष्टिक खाऊनही अंगावर मांस धरत नाही, ही जिममधली नित्याची तक्रार. दोष पौष्टिकतेचा नाही, हिशेबाचा आहे. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी. तेवढ्याच मोडाच्या मुगात प्रथिनं सुमारे ३ ग्रॅम. स्नायू वाढवू पाहणाऱ्या साठ किलोच्या व्यायामपटूला रोज साधारण ९५ ग्रॅम लागतात. म्हणजे निव्वळ मोडांवर भागवायचं तर तीन किलोंहून अधिक! गाईला जमतं, तिला ऑफिस नसतं. दूध, अंडी, डाळभात, शेंगदाणे सुचवले की हरकत येते : चरबी वाढेल. थोडी वाढेलही. पण कोल्हापूरच्या तालमीत बदामाची थंडाई पिणारा मल्ल जोर-बैठकाही शेकड्यांनी मारतो. आमचे सॅलडव्रती मात्र पोटही सपाट मागतात आणि दंडही फुगलेले, तेही याच महिन्यात.